कुसळी घोडीची आंघोळ

घोडा म्हटला की आपल्या लोकांना आधी त्याच्यावर बसलेला माणूस दिसतो. पुतळा असो, वरात असो की जत्रेतला फोटोवाला असो, घोडा म्हणजे बसायची सोय. त्यामुळे चार वर्षांचं पोर बसवलं तरी ज्याच्यावरून त्याचे पाय जमिनीला टेकतील, अशा घोड्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही यात नवल नाही. जे लक्ष गेलं ते एकदाच गेलं आणि ते गेलं नसतं तर बरं झालं असतं.

त्र्याहत्तर साली मी नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात, कोरड्या पट्ट्यात, स्टॉकमन होतो. लोक डॉक्टर म्हणत. खरे डॉक्टर तालुक्याला दवाखान्यात बसत, आम्ही सायकलवर बसत असू. घटसर्पाची लस टोचणं, गोऱ्हे खच्ची करणं, जखमेतले किडे काढणं आणि अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू सरळ करणं, ही आमची कामं. यातलं शेवटचं काम पाच-सात वेळा केलं की माणसाला थोरामोठ्यांचा दबदबा फारसा वाटेनासा होतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. त्याआधी राहात्याला असताना एक व्यापारी बाजाराच्या आदल्या दिवशी दात झिजलेला बैल घेऊन आला. म्हणाला, "डाक्टर, उंद्याच्या दिस जवान दिसंल आसं कायतरी टोचा." मी म्हणालो, असं औषध असतं तर पहिलं इंजेक्शन मी आमच्या साहेबांना दिलं असतं. त्यानं ते साहेबांना जाऊन सांगितलं. पूर्वेकडची बदली त्यानंतर लवकरच झाली. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही.

पूर्वेला आलो तेव्हा पाऊस रुसून बसला होता. आदल्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊस तोडायला श्रीगोंद्याकडे आणि पार बेलापुराकडे गेलेली. मागं राहिलेली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत, सुकडी खात आणि रेशनच्या लाल मिलोला, म्हणजे अमेरिकन ज्वारीला, शिव्या देत. जनावरांसाठी छावणी उघडली होती. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, ट्रकनं येई आणि मी दिवसभर छावणीत जनावरं तपासत फिरे. भुकेलं जनावर तपासण्यात डॉक्टरकीचा भाग थोडा असतो. त्याला काय झालंय ते त्याला माहीत असतं, मालकाला माहीत असतं, आणि आपल्यालाही.

एका सकाळी हौसाबाई आली. पन्नाशीची, काटक, डोक्यावर पदर आणि हाताला खडीचे घट्टे. चोपणवाडीची. नवरा आणि दोन्ही मुलं ऊसतोडीला गेलेली, घरी ही एकटी.

"डाक्टर, घोड्यास्नी चारा मिळंल का?"

"घोडी तुमची?"

"माजी कुठली! माळाची हायत."

"मालक नसेल तर छावणीत घेता येत नाही, मावशी. आणि घोडं तर मुळीच नाही. ही गुरांची छावणी आहे."

"मालक कशाला न्हाई? माळच मालक. पर आता त्येच्याकडंच काय ऱ्हायलं न्हाई, म्हनून तुमच्याकडं आले."

ट्रकमधून सांडलेल्या वाढ्याचा एक भारा सायकलला बांधून मी तिच्यासोबत गेलो.

चोपणवाडीच्या मागं उघडा माळ आहे. मध्ये चोपण, म्हणजे खारवट चिकट जमिनीचा पांढरट पट्टा, तिथं बाभूळसुद्धा नाखुशीनं उगवते. हौसाबाईच्या झोपडीमागं दगडी डोण होती, तिच्यात तिनं आपल्या वाट्याच्या पाण्यातलं अर्धं पाणी ओतलं आणि जिभेनं टक् टक् असा आवाज केला. थोड्या वेळानं माळाचा एक तुकडा हलला. वाळल्या कुसळी गवताच्या रंगाची, शेळीएवढ्या उंचीची घोडी खाली येत होती. माझ्या गुडघ्याच्या जरा वर त्यांचा खांदा. आयाळ पडलेली नव्हती, केरसुणीसारखी ताठ उभी. कान आखूड आणि गोलसर. खूर अरुंद, बकरीगत कड्यावर टेकणारे.

वाढ्याला त्यांनी तोंड लावलं नाही. हुंगलं, शिंकरलं आणि बाजूला झाली.

"बगा," हौसाबाई म्हणाली, "दुस्काळात बी नखरं."

तो नखरा नव्हता. हिरवं, रसाचं खायची त्यांच्या पोटाला सवयच नव्हती. पुढं मी सवड मिळेल तेव्हा माळावर जाऊन बसू लागलो आणि हळूहळू हा प्राणी मला कळत गेला. लोक त्याला कुसळ्या म्हणत, मादीला कुसळी. कुसळी गवत पिकलं की त्याची टोकं सुईसारखी होतात, जनावराच्या जबड्यात रुततात; मेंढरंसुद्धा तेव्हा ते टाळतात. कुसळ्या त्या गवताची पेंडी दातांनी उपटतो, खुराखाली धरून दगडावर घासतो, कुसळं झडली की मग खातो. हे काम आई शिंगराला शिकवते आणि शिंगरू पुष्कळ दिवस तोंड टोचून घेतं. पाणी थोडं लागतं. हिवाळ्यात पहाटे गवतावरचं दहिवर चाटून ती दिवस काढतात. लीद सगळा कळप एकाच जागी टाकतो, तिथं वर्षानुवर्षांचा ढीग होतो आणि पहिल्या गवताचा कोंब त्या ढिगातच फुटतो. खिंकाळत नाहीत. बोलायचं झालं तर कोरड्या रहाटासारखा कुरकुर आवाज काढतात. पुढारी नर नसतो, म्हातारपणाकडे झुकलेली एखादी मादी असते. नर मागून येतो आणि आपणच नेत आहोत अशी मान धरून चालतो.

आणि रोज संध्याकाळी ती लोळत. चोपणात एक खोलगट जागा होती. आधी पुढारी मादी तिथं मुतायची, मग लोळायची, मग तिच्यामागून एकेक करून सगळी. वर येताना पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी. मी समजत होतो की गोचीड घालवायचा हा उपाय असावा. हौसाबाई म्हणायची, "खाज सुटत आसंल." दोघांचंही तेवढ्यावर समाधान होतं.

मध्यंतरी एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्रोफेसर आले. सज्जन गृहस्थ. दोन दिवस उन्हात पालथे पडून पाहात राहिले, लिदीचे नमुने घेतले, मेलेल्या एका नराचे दात माळावर सापडले ते पिशवीत घातले. जाताना म्हणाले, "हे तट्टू नव्हे. तट्टाची खुरटलेली जातही नव्हे. दातांची ठेवण वेगळी आहे, हा प्राणीच वेगळा आहे. पण नाव द्यायचं तर पूर्ण कवटी हवी." मी ते हौसाबाईला सांगितलं.

"नाव तर हायच की त्येला," ती म्हणाली. "त्येवढ्यासाठी डोस्कं कशाला पायजे मेल्याला?"

प्रोफेसरांची पुन्हा गाठ पडली नाही.

कळपाची पुढारी होती तिला हौसाबाई थोरली म्हणायची. त्या साली थोरलीच्या मागं दीड-दोन महिन्यांचं शिंगरू होतं, कळपातलं एकुलतं. दुष्काळात बाकीच्या माद्या गाभण राहिल्या नव्हत्या. थोरली हौसाबाईच्या हाताला येई. बाकीचा कळप डोणीपासून लांब उभा राही, ही मात्र जवळ येऊन तिच्या तळव्यावरचं मीठ चाटी. दिवसभर खडी फोडून आलेली बाई अशा वेळी उकिडवी बसून तिच्याशी घरातल्या गोष्टी बोले. मुलांचा सांगावा आला नाही, मुकादम माप मारतो, मिलोची भाकर थापता येत नाही. थोरली ऐकत असे असं मी म्हणणार नाही. मीठ संपेपर्यंत थांबत असे.

मग छावणीला पाहुणे येणार असं ठरलं. मुंबईचे, मोठे. कोण ते सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा एवढे येत की एकाचा हार दुसऱ्याच्या गळ्यात चालून जाई. सरपंच आप्पा उत्साही माणूस. ते माझ्याकडे आले.

"डॉक्टरसाहेब, छावनी काय, समदीकडंच हाय. पाव्हन्यांनी लक्षात ठिवावं आसं काय हाय आपल्याकडं?"

"दुष्काळ," मी म्हणालो.

"चेष्टा नका करू. घोडी! दुस्काळाला न हटनारी घोडी! पाच-सा धरून मंडपात हुबी करू. मान दिऊ त्येन्ला."

"आप्पा, ती रानटी आहेत. धरायला गेलात तर पायाला लागेल. त्यांच्या किंवा तुमच्या."

"हौसाबाईच्या हाताला येत्यात की."

"एकच येते."

"मंग येकच धरा. फोटोत येकच मावतं."

हौसाबाई नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. पण ती खुलली. माळावरच्या जनावराला गाव मान देणार, याचा तिला मनापासून आनंद झाला. आणि मान द्यायचा म्हणजे काय करायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोळ्याला बैलाला जे करतो ते. आधी आंघोळ.

टँकर पिण्याच्या पाण्याचा होता. त्यातल्या दोन घागरी घोडीसाठी निघाल्या, आणि ज्या बाया एका घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरत, त्यांच्यातली एकही कुरकुरली नाही. उलट एकीनं घरातली राखून ठेवलेली शिकेकाई आणून दिली. हौसाबाईनं सकाळी थोरलीला मीठ चाटवत दावं बांधलं आणि पोर न्हाऊ घालावं तशी तिला न्हाऊ घातली. वर्षानुवर्षांचं चोपण निघून गेलं, खालून मऊ मधासारखा रंग निघाला. बाया बघतच राहिल्या.

"आगं बया, किती गोरी हाय की!"

"मंग! धुळीत ऱ्हाती म्हनून काय झालं?" हौसाबाई म्हणाली.

मग तिनं खांदमळणी केली. बैलाचा वर्षभर जुवाखाली घासलेला खांदा पोळ्याच्या आदल्या दिवशी तेल-हळदीनं चोळतात, त्याला खांदमळणी म्हणतात. ज्या खांद्यावर जन्मात जू येणार नव्हतं, त्या खांद्याला तिनं तेल-हळद चोळली. शिंगं नसल्यामुळे हिंगूळ खुरांना लावला. झुलीचं माप मिळेना, तेव्हा आप्पांच्या घरून भरतकाम केलेला उशीचा अभ्रा आला. त्याच्यावर गुलाबाची दोन फुलं होती आणि खाली 'गुड नाईट'.

मी तिथंच उभा होतो. एका शब्दानं अडवलं नाही, कारण अडवण्यासारखं काही आहे असं माझ्या टाळक्यात आलंच नाही. घोडं धुतल्यानं काय होतं? जगातली सगळी घोडी धुतात.

पाहुणे सकाळी यायचे ते दिवस कलताना आले. भाषण मोठं झालं. त्यात इतिहासातले बरेच घोडे होऊन गेले, कोणकोणत्या महाराजांना कुठून कुठं नेलं ते झालं, आणि शेवटी थोरलीवर आलं. "हे चिमुकलं जनावर म्हणजे झुंजणाऱ्या शेतकऱ्याचं प्रतीक आहे!" टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी हार घातला. प्रतीकानं तो खायला सुरुवात केली. झेंडू गेला तर जाऊ दे, पण दोरा आतड्यात अडकला तर पोटशूळ उठेल, म्हणून मी व्यासपीठावर चढून तिच्या तोंडात हात घालून दोरा ओढून काढला. फोटोत मी त्याच कामात आहे.

खाली उतरताना पाहुण्यांनी आप्पांना विचारलं, "मोठी झाली म्हणजे बसता येईल ना हिच्यावर?"

"येईल की, साहेब," आप्पा म्हणाले.

गाड्या गेल्यावर आम्ही थोरलीला माळावर नेऊन सोडलं. तिची कास तटतटली होती. कळप टेकाडाच्या उतारावर उभा होता, शिंगरू मध्ये. ती धावत गेली आणि शिंगरूही दोन पावलं पुढं आलं. मग त्यानं नाक वर केलं आणि ते वळलं. कळपात शिरलं. थोरली कुरकुरली. सगळ्यांनी कान मागं टाकले. ती चार पावलं पुढं गेली की कळप चार पावलं मागं जाई. कोणी लाथ मारली नाही की चावलं नाही. अनोळखी माणूस दारात आला की आपण उंबऱ्याशीच उभे राहून बोलतो ना, तसं.

"आसं का करत्यात वो?" हौसाबाई म्हणाली.

"थांबा. ओळखतील."

ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. शिंगरू दुसऱ्या मादीच्या पोटाखाली तोंड घाली, ती झटकून टाकी. दूध तिला होतं कुठं! दुपारपर्यंत ते मान खाली घालून उभं राहिलं. मी आणि गावातल्या दोघांनी ते धरायचा प्रयत्न केला, बाटलीनं दूध पाजावं म्हणून. कळप त्याला मध्ये घेऊन कड्यावर चढला. तसं आणखी एक-दोनदा झालं असतं तर ते पळूनच मेलं असतं, म्हणून नाद सोडला.

संध्याकाळी कळप लोळणीवर आला. थोरली लांब उभी राहिली, त्यांच्यामागून जायची तिची हिंमत झाली नाही. पुढारीच नव्हती, तेव्हा दुसऱ्याच मादीनं आधी मुतून जागा ओली केली आणि एकेक जण लोळून पांढरा होऊन गेला. शिंगरूही लोळलं. आणि त्या उघड्या माळावर एकटी ती न्हालेली, हळद लावलेली घोडी बघताना मला आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट आठवली. मेलेल्या वासराची आई दुसऱ्याचं वासरू पिऊ देत नाही, तेव्हा आम्हीच शिकवतो की तिच्या वासराची कातडी त्याला पांघरा. गाईला वास पटला की झालं. लोळण हा गोचिडीचा उपाय नव्हता. तो वास म्हणजे त्या कळपाचं आडनाव होतं. ते आम्ही शिकेकाईनं धुऊन काढलं होतं.

हौसाबाईला सांगितलं. ती मटकन खालीच बसली.

"म्हंजी म्या माज्या हातानं तिला वाळीत टाकली?"

"मावशी, आता बसू नका. दोर आणा."

बैल पाडायला मोठा दोर लागतो, इथं नुसता कासरा पुरला. थोरलीला मिठावर लोळणीच्या खळग्यात आणलं, पाय आवळून अलगद आडवी केली. आयुष्यात मी किती बैल पाडले असतील, पण इतकं हलकं जनावर कधी पाडलं नव्हतं. ओल्या चोपणात आम्ही तिला या कुशीवरून त्या कुशीवर लोळवलं. खांद्यावरचं तेल निघेना. तेव्हा हौसाबाई त्या लिदीच्या ढिगापाशी गेली, ताजी लीद ओंजळीनं घेऊन आली आणि आदल्या दिवशी जिथं हळद चोळली होती तिथं ती चोळत राहिली. तोंडानं पुटपुटत होती, ते मी ऐकलं नाही. दोर सोडला. थोरली उठली, अंग झाडलं, पांढऱ्या धुळीचा लोट उठला आणि ती आमच्याकडे न बघता टेकाडाकडे निघाली.

सकाळी उजाडताच आम्ही दोघं एका खडकाआड जाऊन बसलो. वारा आमच्याकडे येत होता. नर पुढं आला, तिचा खांदा हुंगला, पुन्हा हुंगला, मान हलवून शिंकरला. शिंगरू त्याच्या पोटाखालून निघालं. तिच्या अंगाशी नाक नेऊन बराच वेळ थांबलं. मग कासेला लागलं. आखूड शेपूट पंप मारल्यासारखी वरखाली होत होती.

हौसाबाईनं पदर तोंडात धरला होता. ती उठू लागली तशी मी तिला खाली बसवलं.

"जाऊ नका."

"जवळ न्हाई जात. मीठ तेवढं—"

"मीठ नाही. हात लावायचा नाही. डोणीत पाणी ओतायचं आणि ती यायच्या आत निघून जायचं. आधी चालत होतं, पण आता कळप बिचकलाय; तुमचा वास तिला लागला तर पुन्हा हेच. आज चाललं, पुन्हा चालेलच असं नाही."

"किती दिस?"

"कायमचं."

खाली खडीच्या कामावर मुकादमाची शिट्टी झाली.

"आन् तिनं मला वळखलं, आपनहून आली, तर?"

"तर तुम्ही उठून जायचं."

"बरं," ती म्हणाली आणि हातोडी घेऊन उतरली.

आप्पांनी तो फोटो मोठा करून पंचायतीत लावला. पाहुण्यांनी त्यानंतर कुठल्याशा सभेत त्या घोड्याचा उल्लेख केला म्हणतात. डोणीत रोज पाणी पडत होतं एवढं मी पाहात होतो. पहिले काही दिवस थोरली झोपडीकडे तोंड करून उभी राही, कुरकुरत असे. आतून दार लावलेलं असे.

पाऊस झाला. छावणी मोडली. हौसाबाईची माणसं उसातून परत आली होती. माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी चोपणवाडीला गेलो. माळ हिरवा झाला होता. आम्ही दोघं वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एका बाभळीपाशी उभे राहिलो. कळप लिदीच्या ढिगाभोवती कोवळं सोडून जुनं वाळकं निवडून खात होता. शिंगरू पेंडी दगडावर घासायला शिकत होतं आणि तोंड टोचून घेत होतं. वारा जरा फिरला. थोरलीनं मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलं. रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही दोन माणसांकडे पाहावं तसं. मग तिनं कळपाला वळवलं आणि सगळी टेकाडामागं गेली.

हौसाबाई माझ्याकडे वळली, आणि शेजारणीला आपला मुलगा नोकरीला चिकटल्याचं बाया ज्या सुरात सांगतात, त्या सुरात म्हणाली,

"बगितलं का, डाक्टर? मला वळखलं न्हाई!"